एकाच पातेल्यातला शीरखुर्मा



मागच्या महिन्यात या सदरात मुलांच्या परीक्षेच्या भीतीबद्दल लिहिले होते. अंक घरोघरी पोहोचल्यावर आमच्या शाळेतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. म्हणाली, "टीचर, परीक्षेची भीती समजते. पण माझं लेकरू जेवायला घाबरतं. त्याच्यावर कधी लिहाल का?" मी म्हटले, तुमची परवानगी असेल तर तुमचीच गोष्ट लिहिते, नाव-गाव सांगणार नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिहा. दुसऱ्या कोण्या आईची दोन वर्षं वाचतील."

आता हा मुलगा सातवीत आहे. पाचवीत माझ्या वर्गात आला तेव्हा तिसरीतल्या मुलाएवढा दिसायचा. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेले. आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर. वर्गात आला तरी बाकावर डोके टेकून बसायचा. उर्दूचा धडा सुरेख वाचायचा, पण एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की वही फेकून द्यायचा. मी त्याला आळशी आणि हट्टी समजले होते, हे आज कबूल करते.

त्या वर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले. त्याने पुडा घेतला नाही, दोन्ही हात पाठीमागे नेले. मी सगळ्या रांगेसमोर म्हटले, "एवढा कसला नखरा? घे आणि खा." त्याने माझ्याकडे पाहिले, पुडा फोडला आणि दोन बिस्किटे खाल्ली. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आई आली, प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद घेऊन. तेव्हा मला कळले की त्याला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, महिन्याभरापूर्वीच निदान झाले आहे, आणि माझ्या धाकाने त्याने जे खाल्ले ते त्याच्या आतड्याला सोसणारे नव्हते.

मी बी.एड. केले तेव्हा बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात मुलांच्या रागाची आणि आळसाची बरीच कारणे शिकलो. पोळीचे कारण त्यात नव्हते.

हा आजार आहे तरी काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ताणली जाते, पाव फुगतो, तो या ग्लुटेनमुळेच. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ते खाल्ले की शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. अन्नातले पोषण त्यांच्यामार्फत रक्तात जाते. हे उंचवटे झिजून सपाट होतात आणि मग मुलाने कितीही खाल्ले तरी ते अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाला बद्धकोष्ठता, कुणाला तोंड येते. काही मुलांना पोटाची तक्रारच नसते. फक्त उंची वाढत नाही, किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही.

हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तो होण्याची प्रवृत्ती जन्मतःच असते. ज्या घरात एकाला तो आहे, त्या घरातल्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करावी असे डॉक्टर सांगतात. यावर आज तरी गोळी किंवा इंजेक्शन नाही. गहू, जव आणि त्यांचे सगळे पदार्थ आयुष्यभर बंद, हाच इलाज. तो नीट पाळला तर आतडे हळूहळू भरून येते आणि मूल वाढू लागते.

गव्हाचा हा दोष हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९३०च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. बाकी लोक भुकेने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. म्हणजे जगालाही हे कळून फार काळ लोटलेला नाही.

आपल्या देशात जिथे गहू रोजच्या ताटात आहे तिथे हा आजार जास्त दिसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसराच्या पाहणीत साधारण शंभरात एकाला तो आढळला. २०१६च्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिण भारतात ०.१० टक्के प्रौढांमध्ये आढळला. आपला बुलढाणा जिल्हा मुळात ज्वारीचा. आमच्या लहानपणी रोज भाकर असायची, पोळी पाहुणे आले की व्हायची. आता रेशनवर गहू मिळतो, डब्यात पोळी असते, सकाळी चहासोबत टोस्ट किंवा खारी असते आणि संध्याकाळी पाव. गहू खाणे ही सुबत्तेची खूण झाली. त्यामुळे गव्हाने मूल आजारी पडेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

निदानाआधीची दोन वर्षे

त्या आईच्या डोक्यातही आले नव्हते. जंताचे औषध झाले, टॉनिक झाले, कुणी टीबीची शंका काढली. लेकरू अशक्त म्हणून ती त्याला दुधात पोळी कुस्करून भरवायची. तिने हे सांगितले तेव्हा तिचा आवाज बसला. "मीच माझ्या हातानं भरवत होते ना, टीचर." या एका वाक्यावर ती अजून अडकलेली आहे.

मूल चिडचिडे झाले, रात्री दचकून उठू लागले, तेव्हा नातेवाईक म्हणाले की हे पोटाचे नाही, नजर लागली आहे, बाहेरचे काही आहे. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनाने आजारी असलेल्या माणसांना घेऊन लोक तिथे लांबलांबून येतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. ही आईही मुलाला घेऊन गेली. तिथे तिने काय पाहिले ते मी विचारले नाही. ती एवढेच म्हणाली की परत येताना मुलगा एसटीत विचारत होता, "अम्मी, मी वेडा आहे का?"

आईने लेकरासाठी दुआ मागू नये असे कोण म्हणेल? पण दुआ मागणाऱ्या हातांनीच मुलाला डॉक्टरकडेही न्यायचे असते. ज्या मुलाच्या अंगात रक्त नाही, ज्याला खाऊनही उपाशीच राहावे लागते, ते चिडणारच. त्याच्या चिडण्यावर 'बाहेरचे' असा शिक्का बसला, की आजार तसाच राहतो आणि मुलाच्या मनात स्वतःबद्दल एक भीती घर करते. गहू बंद झाल्यावर त्याचे दचकणे थांबले. तो प्रश्न मात्र अजून मनात आहे, असे आईला वाटते.

इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. आधी तपासणी करा. टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते. गरज पडली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा छोटा तुकडा घेऊन तपासतात. मूल गहू खात असतानाच या तपासण्या खरे सांगतात. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना तपासायला येते. आपल्या मुलाची उंची दोन वर्षांपासून अडली असेल, रक्त भरत नसेल, तर त्या दिवशी मुलाला आवर्जून शाळेत पाठवा आणि शिक्षकांना सांगा.

वजन वाढले, मूल मात्र मिटले

निदानानंतर सहा महिन्यांत मुलाचे वजन वाढले. गालावर रंग आला. घरातले सगळे म्हणाले, अल्हम्दुलिल्लाह, संकट टळले. मी वर्गात मात्र वेगळे पाहत होते. मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे जायचा. डब्यात ज्वारीची भाकर असायची. एक-दोन मुलांनी त्याला 'भाकरवाला' नाव ठेवले होते. सहलीच्या यादीत त्याने नाव दिले नाही. वाढदिवसाला कुणी बोलावले की त्याचे पोट दुखायचे.

घरी त्याची ताटली, पेला, तवा, लाटणे सगळे वेगळे ठेवले होते. ते आवश्यकच होते, कारण पोळीचा चुरा लागलेला तवाही चालत नाही. पण 'का' ते त्याला कुणी सांगितले नव्हते. एक दिवस त्याच्या धाकट्या बहिणीने त्याच्या पेल्यातून पाणी प्यायले, तर तो ओरडला आणि त्याने पेला हिसकावला. आईने रागावून विचारले तेव्हा म्हणाला, "तिला माझा आजार लागेल." आठ महिने ते लेकरू स्वतःला संसर्गजन्य समजत होते. म्हणून बहिणीला जवळ बसू देत नव्हते.

डॉक्टरांनाही आता हे ठाऊक आहे की हा आजार पोटापुरता राहत नाही. स्वीडनमध्ये सिलिअ‍ॅक असलेल्या १०,९०० हून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांमध्ये उदासी, अतिचिंता, वागण्यातल्या अडचणी अशा मानसिक त्रासांचा धोका इतर मुलांपेक्षा सुमारे १.४ पट दिसला. त्यांच्या निरोगी भावंडांमध्ये तो वाढलेला नव्हता. म्हणजे घर तेच, आईवडील तेच, तरी एक मूल जास्त खचते. आजार आणि त्याच्यासोबत रोज जगणे, दोन्हीचा तो भार असतो. स्वीडनमधल्याच आणखी एका अभ्यासात अशा मुलांच्या आईवडिलांमध्येही उदासीचे प्रमाण थोडे जास्त आढळले.

ते मी डोळ्यांनी पाहिले. आईची झोप गेली होती. ती त्याचे खिसे तपासायची, तोंडाचा वास घ्यायची, शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. एकदा त्याच्या दप्तरात पावाचा तुकडा सापडला. मित्राच्या डब्यातला. "मी नाही खाल्ला," तो म्हणाला. तिने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच ओट्याजवळ बसून रडत राहिली. वडील एसटी स्टँडजवळ फळांची गाडी लावतात. ते म्हणायचे, तू फार करतेस, थोड्याने काय होते. दादी म्हणायची, आमच्या घराण्यात असे कधी नव्हते. त्या वाक्याचा रोख कुणावर होता ते सुनेला कळत होते. दादी वाईट नाही. नातू उपाशी दिसतो म्हणून ती पदराखालून त्याला नानखटाई द्यायची. फुफीने मायेने तल्बिना पाठवला. आजाऱ्याला आणि दुःखी माणसाला तल्बिना देण्याची आपल्याकडे परंपरा आहे. पण तो जवाचा असतो, आणि या आजारात जवही चालत नाही. नाही म्हटले तर फुफीला वाटणार की सुन्नतच्या गोष्टीलाही ही नाही म्हणते. अशा कात्रीत ती आई रोज सापडायची.

लाजेचे ओझे

लाज माणसाला किती एकटे पाडते ते आपल्या जिल्ह्याने नुकतेच पाहिले आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडू लागले. अडीचशेहून अधिक माणसांना हे झाले, त्यात शाळकरी मुलेही होती. तज्ज्ञांची पथके आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. त्या प्रकाराचा आणि सिलिअ‍ॅकचा काही संबंध नाही, गैरसमज नको. पण त्या दिवसांत टोपी आणि रुमालाखाली डोके लपवणारी माणसे आठवा. त्या गावांत जायला लोक कचरत होते. आजार अंगावर दिसला तरी माणूस एकटा पडतो, आणि सिलिअ‍ॅकसारखा न दिसणारा असला तरी पडतो. न दिसणाऱ्याला वरून 'नखरे' हे नावही मिळते. तसे म्हणणाऱ्यांत मीही होते.

मग काय केले?

पहिले काम मी माझे केले. वर्गात त्याच्यासमोर म्हटले, "१५ ऑगस्टला मी चुकले. त्याला गहू चालत नाही आणि मी जबरदस्ती केली." मुले चकित झाली. शिक्षक चुकतात हे त्यांना नवीन होते. मग मी फळ्यावर आतड्याचे चित्र काढून सगळे समजावले, हा आजार लागत नाही हे दोनदा सांगितले. हे करण्याआधी त्याला विचारले होते. त्याच्या मर्जीविना हे कधीही करू नये.

आमच्या शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी तांदळाची. ती त्याला चालायला हवी होती, पण आई पाठवत नव्हती. कारण होते हिंग. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो, हे मला तेव्हा कळले. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगितले, त्यांनी फोडणीतून हिंग काढून टाकला. कुणाला चवीत फरकही कळला नाही. त्या दिवशी तो टाकीमागे गेला नाही, रांगेत बसून जेवला. राष्ट्रीय सणाला आता आमच्याकडे बिस्किटांऐवजी शेंगदाण्याची चिक्की आणि केळी वाटतात. सगळ्यांनाच.

घरात काय बदलले ते आईने सांगितले. मुलाला शिकवण्यासाठी त्यांनी एक वाक्य ठरवले: "मला गहू चालत नाही, त्याने माझं आतडं दुखावतं. दुसरं काही असेल तर द्या." आरशासमोर उभे राहून त्याने ते पाठ केले. नकार देताना मुलाला लाज वाटते, कारण त्याच्याकडे शब्द नसतात. शब्द असले की आईने फाटकाशी उभे राहण्याची गरज कमी होते.

खिसे तपासणे तिने बंद केले. त्याऐवजी सांगितले, "चुकून किंवा मुद्दाम काही खाल्लंस तर मला सांग. मी मारणार नाही, रागावणारही नाही. पण मला माहीत असलं पाहिजे." त्यानंतर त्याने दोनदा स्वतःहून सांगितले. दोन्ही वेळा ती रागावली नाही. ते किती अवघड होते ते तिलाच माहीत.

वडिलांना तिने पुढच्या तपासणीला सोबत नेले. डॉक्टरांनी 'थोड्याने काय होते' याचे उत्तर थेट त्यांनाच दिले. त्या दिवसापासून चक्कीचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. गव्हाच्या चक्कीत ज्वारी दळली तर गव्हाचे पीठ मिसळते, म्हणून ते ज्वारीच्या वेगळ्या चक्कीवर जातात आणि समोर उभे राहून दळून आणतात. बोलण्यापेक्षा हे त्यांना जमते. दादीला नातवासाठी ज्वारीच्या लाह्यांचे आणि गुळाचे लाडू करण्याचे काम दिले. तिला भरवायचेच होते, आता भरवता येते. फुफीला फोन करून तिने आधी शुक्रिया म्हटले आणि मग जवाचे कारण सांगितले. फुफी म्हणाली, "मग खजूर पाठवते."

आपल्या दस्तरखानावर

अशा मुलाच्या आईसाठी आपल्या घरांतल्या पदार्थांची थोडी उजळणी करते. पोळी, पाव, खारी, टोस्ट, बिस्किट, रवा, मैदा, समोसा, नूडल्स आणि शेवया चालत नाहीत. मोहरममधला खिचडा आणि रमजानमधला हलीम यांत गहू असतो. कबाबात पावाचा चुरा असू शकतो, विचारून घ्या. सातूच्या पिठात गहू किंवा जव असू शकतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, साबुदाणा, डाळी, दूध, अंडी, मांस, भाज्या, फळे, खजूर हे सगळे चालते, फक्त त्यात गव्हाची भेसळ नको. बेसन घरी डाळ निवडून दळलेले बरे. भजी वेगळ्या तेलात तळा, समोशाच्या तेलात नको. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेले असेल तर आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे लागते. अशी पाकिटे महाग असतात. पण आपल्या मुलखात भाकर आहे आणि भात आहे, पाकिटावाचून अडत नाही.

आणि आपल्या लग्नांतली बिर्याणी! मसाला आणि तळलेला कांदा यांत मैदा नाही ना, एवढे आचाऱ्याला विचारले की हे मूल सगळ्यांच्या रांगेत बसून पोटभर जेवू शकते. त्या मुलाला शुक्रवारपेक्षा लग्नाची तारीख जास्त पाठ असते, असे त्याची आई हसून म्हणते.

रमजानमध्ये मोठी मुले रोजा ठेवण्याचा हट्ट करतात. अशक्त मुलाबाबत डॉक्टरांचे ऐकावे. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि मूल सशक्त झाले असेल, डॉक्टर हो म्हणत असतील, तर इफ्तारच्या ताटात त्याच्यासाठी चालणारे आधीच ठेवा. मशिदीतल्या इफ्तारला जाताना खिशात खजूर आणि चिक्की द्या.

मनाकडेही लक्ष द्या

मुलाचे पथ्य नीट असूनही ते आठवडेच्या आठवडे उदास असेल, झोपत नसेल, मित्रांपासून तुटले असेल, शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल, आवडीच्या गोष्टींत रमत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. नकळत ग्लुटेन जात असेल किंवा रक्त कमी असेल तरी असे होते. ते ठीक असेल तर मनाच्या डॉक्टरांची मदत घ्या. "मी नसतो तर बरं झालं असतं" असे मूल बोलले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. आईवडिलांनीही स्वतःसाठी तो लावावा. झोप न येणारी आई दुसऱ्याला किती दिवस सांभाळणार? मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे असणे नव्हे, हे त्या एसटीतल्या मुलाला कुणीतरी सांगायला हवे होते.

नातेवाईकांना माझी विनंती एवढीच, की अशा मुलाला काही देण्याआधी त्याच्या आईला विचारा. त्याच्यासमोर "बिचारा" म्हणू नका. आणि कुणाच्या घराण्यातून आजार आला याची चौकशी सोडून द्या.

ईदचा दिवस

निदानानंतरच्या पहिल्या ईदला त्या घरात दोन पातेली होती. मोठ्यात सगळ्यांचा शीरखुर्मा, छोट्यात त्याची तांदळाची खीर. पाहुणे आले की विचारायचे, हे वेगळे कुणाचे? दर वेळी तो आतल्या खोलीत जायचा.

गेल्या ईदला आईने तांदळाच्या शेवया आणल्या, पाकीट नीट वाचून. त्या जास्त शिजल्या तर विरघळतात, म्हणून तुपात परतून वेगळ्या ठेवल्या आणि दूध, खजूर, चारोळी, बदाम आटल्यावर शेवटी घातल्या. पूर्ण घरासाठी एकच पातेले. दादी आधी कुरकुरली, मग दोन वाट्या प्यायली. मी ईद मिलनला गेले तेव्हा दार त्याच मुलाने उघडले. ट्रेमध्ये वाट्या घेऊन तोच आला. मला म्हणाला, "टीचर, घ्या ना. यात गहू नाही, तुम्हाला चालेल ना?"

मी वाटी घेतली. शेवया थोड्या मऊ झाल्या होत्या.

सगळे संपले असे नाही. अजूनही तो कधीकधी सहलीला यायचे नाही म्हणतो. आई अजूनही रात्री उठते. ज्वारी आता गव्हाहून महाग पडते आणि रेशनचा त्याच्या वाट्याचा गहू त्याच्या कामाचा नाही. हे पथ्य आयुष्यभराचे आहे. पण बहीण आता त्याच्या पेल्यातून पाणी पिते आणि तो पिऊ देतो.

आपल्या नात्यात, मोहल्ल्यात, वर्गात असे एखादे मूल असेल तर येत्या दावतीत एक पदार्थ तरी असा करा, जो सगळ्यांसोबत त्यालाही खाता येईल. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. तोपर्यंत खुदा हाफिज.